ओट्टारचा जबाब: अकराशे वर्षांपूर्वीची सागरसफर अभ्यासक कशी वाचतात

‘ओट्टारने आपल्या धन्याला, आल्फ्रेड राजाला सांगितलं, की सगळ्या नॉर्वेकरांत अगदी उत्तरेला राहतो तो आपणच.’

जुन्या इंग्रजीतला हा मजकूर असा धाडकन सुरू होतो. हा ओट्टार कोण, दरबारात केव्हा आला, कशाला आला, काही सांगितलेलं नाही. सगळा ऐवज चार-पाच छापील पानांचा. पण युरोपच्या उत्तर टोकाला वळसा घालून आजच्या रशियातल्या पांढऱ्या समुद्रापर्यंत गेलेल्या माणसाची आपल्याला माहीत असलेली ही सगळ्यात जुनी नोंद आहे. मध्ययुगीन साहित्याचे अभ्यासक शे-दीडशे वर्षं या पानांचा कीस पाडत आहेत. त्यांचं काम नेमकं चालतं कसं, हे समजून घ्यायला यासारखा नमुना नाही.

आधी पार्श्वभूमी. आल्फ्रेड हा दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्सचा राजा, राज्यकाळ 871 ते 899. त्याची हयात उत्तरेकडून येणाऱ्या व्हायकिंग टोळ्यांशी लढण्यात गेली. 878 साली एडिंग्टनच्या लढाईत त्याने गुथ्रुम या व्हायकिंग म्होरक्याच्या सैन्याचा पराभव केला आणि त्यानंतर थोडी उसंत मिळाल्यावर लॅटिन ग्रंथ लोकभाषेत आणायचं काम हाती घेतलं. व्हायकिंगांशी उभा दावा असलेल्या राजासमोर एक नॉर्वेचा माणूस आरामात बसून आपल्या मुलखाच्या गोष्टी सांगतोय, हे दृश्यच मोठं मजेशीर आहे. तो लुटारू नव्हता. जमीनदार, शिकारी आणि व्यापारी, तिन्ही एकत्र होता.

त्याची हकीकत अशी. आपल्या घराच्या उत्तरेला जमीन कुठवर जाते, त्या ओसाडीपलीकडे कुणी राहतं का, हे बघावं असं त्याच्या मनाने घेतलं. मग तो किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघाला. उजवीकडे ओसाड जमीन, डावीकडे खुला समुद्र. तीन दिवसांत तो देवमाशांचे शिकारी जास्तीत जास्त जिथवर जातात तिथे पोचला. आणखी तीन दिवस गेला. पुढे जमीन पूर्वेला वळली, ‘किंवा समुद्र जमिनीत शिरला, दोन्हीतलं कोणतं ते त्याला ठाऊक नाही’. तिथे तो पश्चिमेच्या, किंचित उत्तरेकडे झुकलेल्या वाऱ्याची वाट बघत थांबला. मग चार दिवस पूर्वेला. पुन्हा थांबला, या वेळी थेट उत्तरेच्या वाऱ्यासाठी, कारण जमीन आता दक्षिणेला वळत होती. मग पाच दिवस दक्षिणेला. शेवटी एक मोठी नदी लागली. तिच्या पलीकडे वस्ती होती आणि तिथले लोक वैर धरतील या भीतीने पुढे जायची छाती झाली नाही. घर सोडल्यापासून वसलेला मुलूख त्याला पहिल्यांदा तिथेच दिसला होता.

एकूण पंधरा दिवसांचं शिडाचं अंतर, आणि मधले थांबे वेगळे. नकाशा पुढे घेतला की वाट सरळ दिसते: नॉर्वेच्या वायव्य किनाऱ्यावरून नॉर्थ केपला वळसा, मग कोला द्वीपकल्पाच्या कडेकडेने पांढऱ्या समुद्रात. ‘जमीन वळली की समुद्र आत शिरला, ठाऊक नाही’ हे वाक्य मला फार आवडतं. नकाशा हाताशी नसताना डेकवर उभ्या असलेल्या माणसाला किनाऱ्याचं वळण आणि खाडीचं तोंड वेगळं ओळखता येत नाही. घरी बसून गोष्ट रचणाऱ्याला ही शंका सुचणं अवघड.

पण इथेच अभ्यासक हात वर करून थांबवतो. हे वाक्य ओट्टारचं आहे असं आपण धरून चाललोय. ते त्याने जसंच्या तसं उच्चारलं होतं का?

पोलीस ठाण्यात जबाब नोंदवतात तो आठवा. सांगणारा आपल्या बोलीत, मागचं पुढचं करत सांगतो. हवालदार मधूनमधून विचारतो आणि आपल्या ठराविक भाषेत उतरवून घेतो. कागदावर प्रश्न येत नाहीत, फक्त उत्तरं येतात, तीही एका सलग निवेदनासारखी. ओट्टारचा मजकूर हा असा जबाब आहे. सांगणारा नॉर्स भाषेतला, उतरवणारा इंग्रज. शिवाय तो जबाब नंतर एका भलत्याच ग्रंथात नेऊन बसवलाय, आणि त्या ग्रंथाच्या नकला वेगवेगळ्या शतकांत वेगवेगळ्या हातांनी केल्यात. म्हणजे ओट्टार आणि आपण यांच्यामध्ये निदान तीन माणसं उभी आहेत: लेखनिक, भाषांतरकार आणि नक्कलकार. कोणतं वाक्य कुणाचं, हे सोडवत बसणं हा या अभ्यासाचा अर्धा जीव.

तो भलताच ग्रंथ म्हणजे पाउलुस ओरोसियुस या आयबेरियातल्या पाद्र्याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये लिहिलेला जगाचा इतिहास. ख्रिस्ती धर्म आल्यामुळे रोमवर संकटं कोसळली, या आरोपाला उत्तर द्यायला त्याने तो लिहिला. सुरुवातीला जगाचा भूगोल आहे. भूमध्य समुद्राभोवतीचा माणूस तो. त्याच्या भूगोलात उत्तर युरोप जवळजवळ रिकामा. जुन्या इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याने ती जागा भरून काढली. त्याने जर्मन मुलखांचं वर्णन स्वतःच्या पदरचं घातलं आणि त्याला जोडून ओट्टारचा जबाब, मग वुल्फस्तान नावाच्या दुसऱ्या एका प्रवाशाचा जबाब. ते संपले की गाडी पुन्हा ग्रीसच्या सीमांवर. ठिगळ उघड दिसतं, आणि ठिगळ दिसतं म्हणूनच हा ऐवज आधी स्वतंत्र कागदावर असावा असं म्हणता येतं.

हा भाषांतरकार कोण? बाराव्या शतकातल्या विल्यम ऑफ माम्सबरीपासून सगळे म्हणत आले की स्वतः आल्फ्रेड राजा. 1883 साली हेन्री स्वीटने संहिता छापली तेव्हा शीर्षकातच आल्फ्रेडचं नाव होतं. हा समज मोडीत काढण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या जॅनेट बेटली, लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये प्राध्यापक होत्या. 1970 साली त्यांनी आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे एलिझाबेथ लिगिन्स यांनी दाखवून दिलं की या ग्रंथाची भाषा आल्फ्रेडच्या नावावरच्या इतर भाषांतरांच्या भाषेशी जुळत नाही. तंत्र ऐकायला साधं वाटतं. तोच लॅटिन शब्द समोर आला की राजा कोणता प्रतिशब्द वापरतो आणि हा माणूस कोणता, हे शेकडो ठिकाणी ताडून बघायचं. माणूस विचार लपवेल, पण ‘म्हणजे’, ‘परंतु’, ‘त्यानंतर’ असे हाताला बसलेले शब्द लपवणार नाही. बेटलींची स्वतःची संपादित आवृत्ती 1980 मध्ये आली, तेव्हा शीर्षकात आल्फ्रेड उरला नव्हता. पुढची सगळी चर्चा त्याच आवृत्तीच्या आधाराने होते.

राजा भाषांतरकार नाही, एवढ्याने काय फरक पडतो? बराच पडतो. राजानेच ओट्टारची मुलाखत घेतली आणि राजानेच ती आपल्या पुस्तकात घातली, ही गोड साखळी तुटते. मुलाखत कुणी घेतली, ती भाषांतराच्या आधी किती वर्षं झाली, हे सगळं मोकळं होतं.

आता हस्तलिखितं. मजकूर दोन प्रतींत टिकलाय, दोन्ही आज ब्रिटिश लायब्ररीत. लॉडरडेल प्रत दहाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे आल्फ्रेडच्या मृत्यूनंतर लवकरच केलेली. दुसरी कॉटन संग्रहातली, तिच्यानंतर शंभरेक वर्षांची. साहजिकच जुन्या प्रतीवर भरवसा जास्त. पण नेमकी जुन्या प्रतीतली पानं या जागी गळालीत. ओट्टारची गोष्ट मध्येच तुटते आणि पानं संपतात. पुढचं जवळजवळ सगळं फक्त उशिराच्या प्रतीवरून आपल्यापर्यंत आलंय. त्या कॉटन संग्रहाला 1731 मध्ये आग लागली, कित्येक हस्तलिखितं खाक झाली. हे वाचलं. ते जळालं असतं तर आधीच्या छापील प्रतींवर भागवावं लागलं असतं.

एका अक्षराने केवढा घोळ होतो याचं आल्फ्रेडच्याच काळातलं, आपल्याला जवळचं उदाहरण: इंग्रजांच्या जुन्या बखरीत 883 सालच्या नोंदीत असं आहे की राजाने सिगेहेल्म आणि एथेलस्टान या दोघांबरोबर रोमला आणि भारतात संत थॉमसकडे दानधर्म पाठवला. पण काही प्रतींत भारताच्या जागी ‘जुडिया’ आहे. जुन्या लिपीत ‘एन’ आणि ‘यू’ या दोन अक्षरांत फरक तो किती! त्या दोघांनी आपला किनारा पाहिला की नाही, हे त्या एका अक्षरावर लटकलंय.

आता ज्या वाक्यावर सगळ्यांचं डोकं फिरतं ते घेऊ. ओट्टार सांगतो की तो तिकडे गेला तो मुलूख बघायला आणि मुख्यतः वॉलरससाठी. त्यांचे दात उत्तम हस्तिदंतासारखे (थोडे राजाला भेटही दिले), आणि त्यांच्या कातड्याचे जहाजाचे दोर चांगले होतात. हा प्राणी सात हातांपेक्षा लांब नसतो. मापासाठी जो शब्द आहे तो कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचा, म्हणजे आपला ‘हात’च. सात हात म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास. मोठ्या वॉलरसचं माप बरोबर एवढंच. मग मजकूर म्हणतो: देवमाशांची खरी शिकार मात्र त्याच्या स्वतःच्या मुलखात. तिथले देवमासे 48 हात, मोठ्यात मोठे 50 हात. आणि त्यांतले 60 त्याने दोन दिवसांत मारले, सहा जणांतला एक होऊन.

बावीस मीटरचे साठ देवमासे, सहा माणसं, दोन दिवस. अशक्य. मग हा थापा मारत होता का? बाकीचा मजकूर इतका मोजून-मापून असताना हे एकच वाक्य फुगवलेलं का? इथे जाणकारांचे तट पडतात. कुणी म्हणतं, सहा माणसं म्हणजे सहा होड्यांचे सहा म्होरके. कुणी म्हणतं, आकडा नकलताना बिघडला. रोमन अंक अशा वेळी फार दगा देतात. आणखी एक तोडगा असा: साठचं वाक्य मुळात वॉलरसबद्दल होतं. लेखनिकाने देवमाशाची माहिती मध्ये घुसवली आणि ‘त्यांतले साठ’ हे शब्द चुकीच्या प्राण्याला जाऊन चिकटले. दोन दिवसांत साठ वॉलरस मारणं जमण्यासारखं आहे. किनाऱ्यावर कळपाने पडून असतात ते. मला हाच तोडगा पटतो, कारण प्राणी कोणता याचा गोंधळ समुद्र न पाहिलेल्या लेखनिकाचाच होऊ शकतो.

लेखनिकाचा आवाज आणखी कुठे ऐकू येतो? ओट्टारच्या संपत्तीच्या यादीत. ‘ज्यात त्यांची श्रीमंती असते त्या संपत्तीत तो फार श्रीमंत होता’ असं म्हणून मजकूर मोजदाद करतो: न विकलेली 600 पाळीव रेनडिअर, त्यांतली सहा रानटी रेनडिअर पकडायला आमिष म्हणून वापरायची, म्हणून फार मोलाची. त्या मुलखातल्या पुढाऱ्यांत त्याची गणना. ‘तरी त्याच्याकडे वीसपेक्षा जास्त गुरं नव्हती, वीस मेंढ्या, वीस डुकरं; आणि जे थोडं नांगरायचा ते घोड्यांनी.’ हा ‘तरी’ ओट्टारचा नाही. गुरांवर आणि बैलांच्या नांगरावर श्रीमंती मोजणाऱ्या इंग्रजाला पडलेलं कोडं आहे ते: एवढा मोठा माणूस आणि वीसच गुरं? घोड्यांनी नांगरतो?

त्याचं खरं उत्पन्न पुढच्या ओळींत आहे, उत्तरेतल्या मूळच्या सामी लोकांकडून मिळणारा सारा. मजकुरात त्यांना ‘फिन’ म्हटलंय. ज्याची जशी ऐपत तसा सारा. सगळ्यात वरच्या माणसाने द्यायचं ते असं: मार्टेन या मुंगसासारख्या केसाळ प्राण्याची पंधरा कातडी, पाच रेनडिअर, एक अस्वलाचं कातडं, दहा मापं पिसं, अस्वलाच्या किंवा पाणमांजराच्या कातड्याचा एक अंगरखा आणि साठ-साठ हातांचे दोन दोर, एक देवमाशाच्या कातड्याचा, दुसरा सीलच्या. हा माल दक्षिणेच्या बाजारांत नेऊन विकायचा. सामी लोकांची बाजू ऐकायला मात्र आपल्याकडे एक ओळही नाही. सारा राजीखुशीने दिला जायचा की धाकाने, हे घेणाऱ्याच्या तोंडूनच कळणार, आणि घेणारा ते बोलत नाही.

नदीकाठी भेटलेल्या लोकांना मजकूर ‘बेओर्मा’ म्हणतो. त्यांनी ओट्टारला आपल्या आणि आजूबाजूच्या मुलखांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या, ‘पण त्यात खरं किती ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने ते स्वतः पाहिलं नव्हतं’. नवव्या शतकातलं वाक्य आहे हे! त्याच काळच्या आसपास आयर्लंडमधल्या संत ब्रेंडनच्या सफरीची लॅटिन कथा लिहिली गेली. तिच्यातले साधू बेट समजून देवमाशाच्या पाठीवर उतरतात आणि चूल पेटवतात. ती कथा वाईट नाही, तिचा हेतू निराळा: समुद्र हा तिथे ईश्वराकडे नेणारा रस्ता. टिम सेव्हरिनने 1976-77 मध्ये कातड्याच्या होडीने आयर्लंडहून न्यूफाउंडलंड गाठलं, तेव्हा तसा प्रवास होऊ शकतो हे सिद्ध झालं. झाला होता हे नव्हे. ब्रेंडनची कथा वाचणारा अभ्यासक नकाशा बाजूला ठेवतो. ओट्टार वाचताना तो नकाशा उघडतो.

आणि उघडल्यावर कळतं की ओट्टारचा कानही तिखट होता. सामी आणि बेओर्मा जवळपास एकच भाषा बोलतात असं त्याला वाटलं. बेओर्मांची भाषा फिनिश-कॅरेलियन कुळातली असावी असं आज मानतात, आणि ते कुळ सामीशी नातं सांगणारं आहे. अॅलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने 1940 मध्ये याच मुद्द्यावर अख्खा प्रबंध लिहिला. बेओर्मांआधी ओट्टारला लागलेला मुलूख ‘तेर-फिन’ लोकांचा. कोला द्वीपकल्पाच्या त्या किनाऱ्याला रशियन लोक आजही तेरस्की किनारा म्हणतात. नदी कोणती, यावर मात्र एकमत नाही. काहींच्या मते पार अर्खांगेल्स्कजवळची उत्तर द्विना, काहींच्या मते त्याच तेरस्की किनाऱ्यावरची वार्झुगा. पाच दिवसांत किती अंतर कापलं जातं आणि रात्रीही शीड चालू होतं का, यावर उत्तर ठरतं. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे ‘दिवस’ म्हणजे नक्की किती तास, हाही प्रश्नच.

दिशांचा घोळ वेगळा. ओट्टारचं घर जिथे असावं असं मानतात त्या ट्रोम्सोच्या भागातून किनारा प्रत्यक्षात ईशान्येला जातो आणि ओट्टार म्हणतो ‘थेट उत्तर’. 1930 मध्ये केम्प मलोनने मांडलं की या ग्रंथातल्या दिशाच सरसकट फिरलेल्या आहेत. मला यात इतकं गूढ वाटत नाही. किनाऱ्याने वर जायचं ती उत्तर, खाली यायचं ती दक्षिण, अशी खलाशांची बोलायची पद्धत कुठल्याही लांबट किनाऱ्यावर असते.

दुसरी सफर दक्षिणेची. स्किरिंग्सहाल नावाच्या बंदराला, रात्री मुक्काम करत गेलं तर रोज अनुकूल वारा असूनही महिनाभरात पोचता येत नाही. तिथून पाच दिवसांत हेडेबी हे डेन लोकांचं बंदर. या वर्णनाच्या मध्ये एक वाक्य येतं: डेन्मार्कच्या त्या मुलखात ‘इकडे या देशात येण्यापूर्वी अँगल लोक राहत होते’. ‘इकडे’ म्हणजे इंग्लंडात. हे नॉर्वेचा माणूस कशाला सांगेल? हा लेखनिक, स्वतःच्या पूर्वजांचं गाव नाव निघाल्यावर गप्प न बसलेला.

या नोंदीचा माग काढत पुरातत्त्ववाले दक्षिण नॉर्वेतल्या काउपांगला पोचले. ओट्टारचं स्किरिंग्सहालचं बंदर ते हेच असं आता बहुतेक सगळे मानतात. वुल्फस्तानने सांगितलेलं त्रुसो हे बंदर पोलंडमध्ये 1982 साली सापडलं. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या जहाज-संग्रहालयाने फ्योर्डातून काढलेल्या अकराव्या शतकातल्या मालवाहू जहाजाची हुबेहूब प्रतिकृती बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘ओट्टार’. 2004 मध्ये ती वुल्फस्तानच्या वाटेने बाल्टिकमध्ये नेऊन पाहिली. बेटलींनी अँटन एंगलर्ट या जहाज-पुरातत्त्वज्ञाबरोबर संपादित केलेल्या पुस्तकात शब्दांचे आणि शिडांचे अभ्यासक एका टेबलाला बसलेत, हे फार बरं झालं. वाऱ्यासाठी थांबणं म्हणजे काय, ते कोशात बघून कळत नाही.

याआधीही हा मजकूर कामाला आलाच होता. 1553 मध्ये रिचर्ड चॅन्सेलर ईशान्येकडून चीनची वाट शोधायला निघाला आणि द्विनाच्या मुखाशी पोचला, तिथून मॉस्कोला. इंग्रजांचा रशियाशी व्यापार सुरू झाला, आणि त्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड हाक्लुटने आपल्या प्रवाससंग्रहात ओट्टारला जागा दिली: बघा, आमच्या राजाला ही वाट सातशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती! ओट्टार इंग्रज नव्हता हे अशा वेळी कोण बघतो. 1773 मध्ये डेन्स बॅरिंग्टनने अख्खा ग्रंथ छापला तेव्हा भूगोलाच्या टिपा योहान फोर्स्टरच्या होत्या, आणि पुस्तक निघालं तेव्हा फोर्स्टर स्वतः कॅप्टन कुकबरोबर दक्षिण समुद्रात होता.

वुल्फस्तानच्या जबाबात एक जागा आहे. हेडेबीहून त्रुसोपर्यंत सात दिवस आणि रात्री सतत शीड चालू. लेखनिक नेहमीप्रमाणे लिहितो: वेंडांचा, म्हणजे बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्लाव लोकांचा मुलूख ‘त्याच्या’ उजव्या हाताला होता, डाव्या हाताला अमुक बेट, तमुक बेट. मग बोर्नहोम बेट येतं, आणि तिथे लिहिलंय की ते ‘आमच्या’ डाव्या हाताला होतं. वुल्फस्तानच्या तोंडचा हा ‘आमच्या’ लेखनिकाच्या हातून तसाच निसटला. पुढच्या कुठल्याही नक्कलकाराने तो दुरुस्त केलेला नाही, आणि बेटलींच्या आवृत्तीतही तो तसाच छापलेला आहे.